गुरू रेखीव दिसायला कोणती दुर्बीण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात रंकाळ्याजवळ फ्लॅट आहे, गच्ची मिळते, हाताशी ७० मिमीची छोटी दुर्बीण आहे. फोटो काढायचे नाहीत, डोळ्यानंच चंद्र आणि ग्रह पाहायचेत, आणि ते रेखीव दिसले पाहिजेत. यादीत १०० मिमीची ईडी (रंगाची किनार कमी करणाऱ्या खास काचेच्या) भिंगाची दुर्बीण, १२७ मिमीची मॅक्सुटोव्ह (बंद नळी, मागं आरसा, पुढं जाड भिंग), १५० मिमी एफ/८ न्यूटोनियन (उघडी नळी, नुसते आरसे; एफ-अंक म्हणजे केंद्रांतराला व्यासानं भागून येणारा आकडा), २०० मिमी एफ/६ डॉब (न्यूटोनियनच, पण जमिनीवरच्या साध्या फिरत्या बैठकीवरची) आणि २०० मिमीची श्मिट-कॅसिग्रेन (बंद नळी, मागं आरसा, पुढं पातळ भिंग) आहे. दुकानदार म्हणाला, भिंगाचीच घ्या, आरशाच्या दुर्बिणीला धार नसते. हे खरं का, आणि जुनी ७० मिमी विकून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर आधीच सांगतो. या पाचांत तुमच्यासाठी २०० मिमीची डॉब. गच्चीपर्यंतचे जिने चढवणं जमणार नसेल तर १५० मिमी एफ/८. दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं कुठलं हे कळलं तर तुम्हाला पुढची वीस वर्षं उपयोगी पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धार आणि उठाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना मिळून ‘क्लिअर दिसतंय’ म्हणतो आणि तिथंच घोळ होतो. धार म्हणजे दोन जवळचे ठिपके वेगळे दिसणं. ती ठरते मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर. ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासानं भागा, म्हणजे किती विकलांवरचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जोडतारे सुटतील ते मिळतं. १०० मिमीला १.१६ विकला, २०० मिमीला ०.५८. यात भिंग की आरसा हा प्रश्नच येत नाही. उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, ही वेगळी गोष्ट. गुरूच्या फिकट पिवळ्या अंगावर फिकट तपकिरी पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या कडेला त्याहून किंचित निळसर शेपटी. रंगांत फरक इतका थोडा असतो, की बिंबावरचा प्रकाश जरा जरी इकडंतिकडं सांडला तरी ती शेपटी पुसली जाते.

हा प्रकाश सांडतो कसा? कुठल्याही दुर्बिणीत तारा बिंदू म्हणून दिसत नाही. मधे एक बारीक चकती आणि तिच्याभोवती फिकट कडी दिसतात. मधे काहीही आड नसलेल्या निर्दोष भिंगात सुमारे ८४ टक्के प्रकाश त्या चकतीत असतो, उरलेला कड्यांत. आरशाच्या दुर्बिणीत दुय्यम आरसा, म्हणजे मुख्य आरशाचा प्रकाश डोळ्याकडं वळवणारा छोटा आरसा, वाटेत उभा असतो. तो मुख्य आरशाच्या व्यासाच्या २० टक्के असेल तर चकतीत सुमारे ७६ टक्के उरतो, ३४ टक्के असेल तर ६५ च्या आसपास. कमी झालेला प्रकाश कड्यांत जातो, आणि गुरूसारख्या पसरट बिंबावर तीच कडी शेजारच्या तपशिलावर धुरकट थर चढवतात. दुकानदाराचं अर्धं खरं ते हे.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅटलॉगात हा अडथळा बरेचदा क्षेत्रफळाच्या टक्क्यांत छापतात. ८ इंची (म्हणजे २०० मिमी) श्मिट-कॅसिग्रेनला ‘फक्त ११ टक्के’ असं लिहिलेलं दिसतं. व्यासाच्या हिशेबात तेच ३३-३४ टक्के होतं. उठावावर परिणाम करतो तो व्यास.

अनुभवी लोक एक ढोबळ हिशेब वापरतात: मुख्य व्यासातून दुय्यम आरशाचा व्यास वजा करा, फिकट तपशिलासाठी साधारण तेवढ्या भिंगाच्या दुर्बिणीइतका उठाव मिळतो. तुमच्या यादीला तो लावून पाहा. ईडी १०० ची १००. मॅक्सुटोव्ह नव्वदीच्या आतबाहेर. १५० मिमी एफ/८ मध्ये दुय्यम आरसा ३१ ते ३५ मिमीचा, म्हणजे ११५ ते ११९. श्मिट-कॅसिग्रेन १३५. डॉब १५०. हा हिशेब चंद्रावरच्या काळ्या सावल्यांना किंवा जोडताऱ्यांना लावू नका, तिथं पूर्ण व्यासच कामाला येतो. पण एवढ्यावरूनही दिसतं, की ८ इंची आरसा आपल्या दुय्यम आरशाचं नुकसान सोसूनही ४ इंची (१०० मिमी) भिंगाच्या पुष्कळ पुढं राहतो.

मग प्रत्यक्षात इतके लोक ‘भिंगाचीच धारदार’ का म्हणतात? ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी तसं पाहिलेलं असतं. मीही पाहिलंय.

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या अलीकडं एका मित्राचं शेत आहे. ऊस तुटून गेलेला, खोडव्याला पाणी दिलेलं नव्हतं, जमीन कोरडी. तिथं आम्ही चौघांनी चार दुर्बिणी ओळीनं लावल्या: १०० मिमी ईडी, १२७ मॅक्सुटोव्ह, माझी घरी जुळवलेली १५० एफ/८ आणि २०० ची डॉब. डॉब गाडीच्या डिकीतून आली होती, ती गाडी दुपारभर उन्हात उभी होती. साडेआठला गुरू डोक्यावर येत होता आणि त्याच्या बिंबावर त्याच्याच आयो या चंद्राची सावली नुकतीच चढली होती.

पहिल्या फेरीत ईडीनं सगळ्यांना गप्प केलं. छोटं, पण कोरून काढल्यासारखं बिंब. दोन्ही मोठे पट्टे कडेपर्यंत सरळ, सावलीचा ठिपका टाचणीच्या टोकासारखा. डॉबमध्ये डोळा लावला तर गुरू मोठा, झगझगीत आणि उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा. सावली दिसत होती, पण तिची कड सारखी हलत होती. मॅक्सुटोव्हचं तर बोलायलाच नको, बिंबाच्या एका बाजूला पिसारा फुटल्यासारखं दिसत होतं. त्या क्षणी कुणी मत विचारलं असतं तर चौघांनीही भिंगाच्या बाजूनं दिलं असतं.

आम्ही डॉबच्या मागं संगणकाच्या कॅबिनेटमधला १२ व्होल्टचा पंखा लावला आणि भाकरी खायला बसलो. साडेदहाला परत आलो. तोवर हवा चांगलीच उतरली होती, अंगावर स्वेटर आले होते. डॉबमध्ये २०० पट वाढवून पाहिलं आणि मी पाच मिनिटं आयपीस (डोळा लावायचं भिंग) सोडलीच नाही. उत्तरेकडच्या पट्ट्याच्या खालून निळसर शेपट्या विषुववृत्ताकडं उतरत होत्या, मी तीन मोजल्या. पट्ट्याच्या आतच गडद गाठी होत्या. आयोची सावली बिंबाच्या पश्चिम कडेकडं सरकली होती आणि ती आता काळी कुळकुळीत, गोल, सपाट कडेची होती. ईडीत परत गेलो. चित्र होतं तसंच स्वच्छ होतं, पण शेपटी एकच, तीही ‘आहे बहुतेक’ अशी. १५० एफ/८ या दोघांच्या मधे, आणि माझ्या मते डॉबच्या बाजूला जास्त झुकलेली. मॅक्सुटोव्ह तेव्हा कुठं शांत व्हायला लागली होती.

दोन तासांत कुठल्याही दुर्बिणीची रचना बदलली नव्हती. आरसा थंड झाला होता, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं, की दुर्बिणीच्या जातीपेक्षा तिची त्या रात्रीची अवस्था जास्त बोलते. ४ इंची भिंगाची दुर्बीण पंधरा-वीस मिनिटांत हवेशी जुळते, तिचं कोलिमेशन, म्हणजे भिंग-आरशांची एका रेषेतली जुळणी, सहसा बिघडत नाही, म्हणून ती बाहेर काढली की चांगलंच दाखवते. आरशाच्या दुर्बिणीची मेहनत घ्यावी लागते. मेहनत न घेता पाहिलं, तर ८ इंचीचा ४ इंचीपुढं पराभव होतो आणि दोष रचनेवर जातो.

गरम आरशाच्या पृष्ठभागाला चिकटून ऊबदार हवेचा पातळ थर तयार होतो, आणि आत येणारा प्रकाश त्यातून एकदा जाताना, एकदा येताना असा दोनदा जातो. पंखा तो थर मोडतो आणि काचेची उष्णताही लवकर काढतो. मॅक्सुटोव्हची नळी बंद, पुढं जाड वाटीसारखं भिंग. तिची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते, तास-दीड तास सहज जातो. श्मिट-कॅसिग्रेनही बंद नळीचीच. तुमच्या गच्चीचाही यात वाटा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत तरी ऊब सोडतो. शक्य असेल तर दुर्बीण संध्याकाळीच सावलीत बाहेर ठेवा, गच्चीवर दोन बादल्या पाणी मारा आणि ग्रह शेजारच्या इमारतींच्या छतांवरून पाहायचं टाळा.

आता कोलिमेशन. तुम्ही कितीही चांगली आरशाची दुर्बीण आणली, तरी हे शिकल्याशिवाय तिचा उठाव दिसणार नाही. एफ/५ च्या आरशात कोमामुक्त जागा, म्हणजे जिथं तारा शेपूट न फुटता दिसतो तो मधला भाग, जेमतेम पावणेतीन मिलिमीटर असते. एफ/६ ला पावणेपाच, एफ/८ ला अकरा. दोन आरसे किंचित वाकडे बसले, की गुरू त्या जागेच्या बाहेर पडतो आणि आपण सीइंगला, म्हणजे हवेच्या थरथरीला, नावं ठेवत बसतो. एफ/८ ला एफ/५ पेक्षा चौपट चूक चालते. घरी जुळवलेल्या १५० एफ/८ इतक्या गोड दिसतात त्याचं मोठं कारण हेच. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या आणि ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांतून आरसा घासायला शिकलेले लोक आपल्या भागातही आहेत. असं कुणी भेटलं तर त्यांच्या आरशातून एकदा नक्की पाहा.

माझ्या १५० चा आरशाचा पाळणा (आरसा धरून ठेवणारी बैठक) मी उद्यमनगरात करून घेतला. तिथल्या लेथवाल्यानं चित्र बघून पहिला प्रश्न विचारला, “ह्यात किती खेळ चालंल?” मी म्हटलं, अजिबात नको. तो म्हणाला, “मग स्प्रिंगा बारीक लावू नका, कडक लावा. मऊ स्प्रिंगंवर काय बी थारत न्हाई.” त्यानं अर्ध्या सुताच्या तारेच्या तीन स्प्रिंगा दिल्या, मागं तीन उलटे बोल्ट. त्या पाळण्यावर आरसा गाडीतून पन्हाळ्याला जाऊन आला तरी हलत नाही. बाजारच्या डॉबमध्ये नेमक्या याच स्प्रिंगा मऊ असतात. डॉब घेतलीत तर पहिल्या महिन्यात त्या बदलून घ्या. कोल्हापुरात राहून हे काम होत नसेल तर कुठं होणार!

कोलिमेशनची खरी परीक्षा ताऱ्यावर होते. तारा डोळ्यासमोर मध्यभागी धरायचा, फोकस किंचित आत-बाहेर करायचा आणि दिसणारी कडी एककेंद्री आहेत का ते पाहायचं. परदेशी पुस्तकांत यासाठी ध्रुवतारा सांगतात, कारण तो जागचा हलत नाही. आपल्याकडं तो सल्ला चालत नाही. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर, जाड हवेत थरथरत असतो. डोक्याजवळचा कुठलाही मध्यम तेजाचा तारा घ्या, तो सरकेल तसं नळी ढकलत राहा. किंवा दिवसाच करा: बेअरिंगमधली एक चकचकीत गोळी काळ्या कापडावर ठेवून चाळीस-पन्नास मीटरवर उन्हात ठेवा. तिच्यावरचा सूर्याचा ठिपका बनावट तारा म्हणून उत्तम चालतो. दुर्बीण मात्र सूर्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून, सावलीत.

अक्षांशाचा फायदाही मोठा आहे. युरोपात ग्रह पुष्कळदा क्षितिजाजवळ राहतात, म्हणून तिथल्या लोकांच्या लिखाणात हवेनं बिंबाला लाल-निळी किनार येण्याची तक्रार सारखी दिसते. आपल्याकडं त्या जानेवारीत गुरू ८५ अंशांवर होता. इतक्या उंचीवर तुम्ही वातावरणाच्या सगळ्यांत पातळ थरातून पाहता, आणि मोठ्या व्यासाला त्याची पूर्ण किंमत मिळते. अडचण एकच. अगदी डोक्यावरचा ग्रह डॉबनं धरताना आडवं फिरवणं कामच करत नाही, नळी अडखळते. अर्धा-पाऊण तास आधी किंवा नंतर पाहा. लांब भिंगाच्या दुर्बिणीला त्याच वेळी वेगळा त्रास: आयपीस पार खाली जाते, गुडघ्यावर बसून मान वाकडी करावी लागते आणि नळी तिपाईच्या पायाला टेकते. अवघडलेल्या मानेनं बारीक तपशील दिसत नाही. एक छोटं स्टूल घ्या. बसून पाहणाऱ्याला उभ्यानं पाहणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे मी मुलांना दाखवताना कितीतरी वेळा अनुभवलंय.

आणखी एक गोष्ट व्यासाच्या बाजूनं जाते. १०० मिमीतून २०० पट पाहिलं तर डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका अर्ध्या मिलिमीटरची होते. चित्र मंद होतं, रंग जातात आणि डोळ्यातले तरंगते धागे त्यावर फिरायला लागतात. २०० मिमीतून त्याच वाढीला शलाका एक मिलिमीटरची. गुरूच्या पट्ट्यांचा तपकिरीपणा आणि शेपट्यांचा निळेपणा मला ८ इंचीत दिसतो, ४ इंचीत बहुतेक वेळा राखाडीच. त्यासाठी डोळे पूर्ण अंधाराला सरावलेले नसतील तरच बरं. ग्रह पाहताना मी मागं एक मंद पांढरा दिवा चालू ठेवतो, रंग जास्त उठतात.

साध्या दोन भिंगांच्या, ईडी काच नसलेल्या दुर्बिणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दुकानात तीच पुढं करतील. नियम असा, की एफ-अंक हा इंचांतल्या व्यासाच्या निदान तिप्पट हवा. ४ इंचीला एफ/१२. एफ/५ ची १२० मिमी ग्रहांसाठी घेऊ नका. गुरूभोवती जांभळी धूळ उडाल्यासारखी दिसते, आणि ती धूळ म्हणजे पट्ट्यांवरून उडालेला उठावच असतो.

श्मिट-कॅसिग्रेनला मी वाईट म्हणत नाही. छोटी, उचलायला सोपी, मोटर असली तर ग्रह जागेवर राहतो. पण तिचा मुख्य आरसा एफ/२ चा आणि दुय्यम आरसा त्याला पाचपट वाढवतो. त्यामुळं दुय्यम आरशाचे तीन बारीक स्क्रू केसाएवढे फिरले तरी धार जाते, आणि बहुतेक मालक त्यांना वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. फोटो काढणार असता तर मी तीच सुचवली असती.

मॅक्सुटोव्हबद्दल माझं मन जरा दुखावलेलं आहे. माझी पहिली चांगली दुर्बीण तीच. चंद्रावर सुरेख होती. एका पावसाळ्यात ती फोम लावलेल्या पेटीत बंद करून कपाटावर ठेवली. दसऱ्याला पेटी उघडली, टॉर्च तिरपी धरली, तर पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले. बुरशी. पुसली, पण धाग्यांच्या खुणा काचेवर कोरल्या गेल्या होत्या. त्यानंतर चंद्राभोवती कायमचं धुकं आलं. आपल्याकडच्या पावसाला बंद पेटी ही सगळ्यांत वाईट जागा. जून ते सप्टेंबर दुर्बीण हवेशीर खोलीत, सुती कापड टाकून ठेवा, भिंगांच्या आणि आयपीसच्या डब्यांत सिलिका जेल, आणि दर पंधरवड्याला ते तव्यावर तापवून वाळवा.

रात्र कशी निवडायची तेही सांगतो, कारण नव्या दुर्बिणीचा निकाल लोक चुकीच्या रात्री लावतात. वारा सुटून आकाश धुतल्यासारखं निळंशार झालं, की आपण खूश होतो. त्या रात्री तारे लुकलुकतात आणि गुरू उकळतो. ग्रहांना उलट थोडी धुरकट, दमट, निवांत रात्र लागते. पंचगंगेकाठी धुकं धरायच्या आधीचे दोन तास मला पुष्कळदा सगळ्यांत चांगले मिळालेत. गुऱ्हाळांचा आणि पाचट जाळल्याचा धूर असतो तेव्हा तेजोमेघ विसरा, पण गुरू-शनी बघून घ्या. पन्हाळ्यावर अंधार चांगला, मात्र तटाच्या कडेला वारा वर चढतो, तिथं ग्रह लावू नका, आत सरका.

आता जुनी ७० मिमी. ती विकू नका. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये अगदी कडेवर आली होती, आता वर्षागणिक उघडतायत आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडतील. कॅसिनी फट, म्हणजे कड्यांमधली काळी रेघ, जेमतेम पाऊण विकलेची. ७० मिमीची सीमा १.६६ विकला, तरी कडी चांगली उघडल्यावर निवांत रात्री ही फट तिच्यातून टोकांना दिसू शकते, कारण उजळ पार्श्वभूमीवरची काळी रेघ ठिपक्यांच्या नियमाच्या पुढं जाऊन दिसते. डॉब आणली की दोन्ही शेजारी लावा आणि दर वर्षी शनीवर तुलना करा, एका वहीत चित्र काढत. साडेसातला आणि दहाला, अशी दोन चित्रं प्रत्येक दुर्बिणीची.